शंभर दिवस वस्तरा म्यान

राजधानी
दहावा महिना, तारीख सत्तावीस

धाकट्या मियाओला थोरल्या योऊचा आशीर्वाद.

हे पत्र खेचरवाल्या दूच्या हाती देतोय. दहा दिवसांत तुमच्या युलिंगच्या डोंगरात पोचतो म्हणतो. पण वाटेतल्या प्रत्येक खाणावळीत त्याची कुणी ना कुणी मावशी असते, तेव्हा तू तेरा दिवस धर. तुला वाचता यावं म्हणून अक्षरं सोपी आणि मोठी काढतोय.

बावीस तारखेला सम्राट गेले. मी पुलाजवळ एका तेलवाल्याची हजामत करत होतो. डावी बाजू झाली होती, उजवी राहिली होती, तेवढ्यात राजवाड्याकडून घंटा सुरू झाल्या आणि शिपाई ओरडत आला, "वस्तरे खाली!" तेलवाला म्हणाला, "अहो, एवढं पुरं तरी करा." मी म्हटलं, "बाबा, तुझी उजवी बाजू आता शंभर दिवसांनी." तो अजून रोज येऊन मला शिव्या देऊन जातो.

तर हुकूम असा की शंभर दिवस कुणी डोक्याला वस्तरा लावायचा नाही. लावला तर करणाऱ्याचीही मान आणि करवून घेणाऱ्याचीही. एरवी मागच्या वेणीखेरीज कपाळावर केस वाढले तर सरकार पकडतं, आता काढले तर पकडतं. वेशीवर शिपाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या टोप्या उचलून बघतायत. काल एका रेशीमवाल्याचं डोकं चकचकीत दिसलं म्हणून त्याला घेऊन गेले. तो जन्मापासून टकला आहे हे सांगायला चार शेजारी लागले.

मी हिशेब केलाय. शंभरावा दिवस येतो दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला. दोन तारखेला ड्रॅगन डोकं वर काढतो तो सण, आणि त्या दिवशी नाहीतरी सगळा देश हजामतीला बसतो. म्हणजे दोन तारखेच्या पहाटे आपले वस्तरे बाहेर. ही तारीख मनात पक्की कर. तोवर लोकांचे कान साफ कर, पाठी रगड. वस्तादांनी आपल्याला सगळं शिकवलंय, उपाशी मरणार नाही.

तुझा, योऊ


युलिंग
अकरावा महिना, तारीख अठ्ठावीस

योऊदादांना धाकट्याचा दंडवत.

हे पत्र फंग गुरुजी लिहितायत. देवळाच्या पायरीवर मेज टाकून बसतात, साऱ्या गावाची पत्रं लिहितात. सरकारी परीक्षेत सात वेळा नापास झालेत, पण अक्षर मोत्यासारखं आहे.

(सहा वेळा. सातव्या वेळी मी आजारी होतो. — फंग)

घाटात बर्फ साचून सरकारी डाक अडकली, आणि तिच्यामागे दूची खेचरंही. त्यामुळे सम्राटांचं फर्मान आमच्याकडे पोचलं ते सोळा तारखेला. तोवर मी मजेत डोकी भादरत होतो. मामलेदारसाहेब म्हणाले, कळण्याआधी केलं ते पाप नाही. मग ते पांढऱ्या कपड्यांत वेशीपर्यंत चालत गेले आणि गुडघे टेकून फर्मान घेतलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कचेरीसमोर सगळ्या गावानं रडायचं होतं. सगळ्यात मोठ्यानं रडला आमचा कोतवाल वेई. रडता रडता मध्येच डोकं खाजवायचा. त्या माणसाला दहाव्या दिवशी हजामत मिळाली नाही तर वेड लागतं.

कचेरीच्या भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांचा जाहीरनामा लागलाय. वेईनंच स्वतः खळ लावून चिकटवला. सरकारी भाषा मला लागत नाही, आणि थंडी इतकी की उभं राहून कुणाकडून वाचून घ्यायचा धीर झाला नाही. दुसऱ्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं. तुमचं पत्र हातात असताना भिंतीला काय विचारायचं? तुम्ही सांगितलेल्या दिवसाची वाट बघतोय.

सध्या कान साफ करतो. गावात एवढा मळ असेल असं वाटलं नव्हतं. बायको म्हणते, "तुमच्या डोक्यावर रान माजलंय, वसंतात भोपळ्याचे वेल सोडते."

तुमचा, मियाओ


राजधानी
बारावा महिना, तारीख वीस

धाकट्या,

तुझ्या कोतवालाचं रडणं वाचून पोट धरून हसलो. सुतकात हसलो हे कुणाला सांगू नकोस. इथे नव्या वर्षाची तयारी आहे, पण दारावर लाल कागद नाही, फटाका नाही, सनई नाही. गल्लीतला प्रत्येक जण अस्वल दिसतो.

जाहीरनाम्याची फिकीर करू नकोस. आम्ही सिंहासनाच्या सावलीत राहतो. तुमच्या मामलेदाराला जे कळतं ते त्याआधी महिनाभर आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना ठाऊक असतं. दोन तारीख म्हणजे दोन तारीख. पाणी तापवून बस, आणि पहिलं डोकं गावातल्या बड्या माणसाचं घे. वर्ष चांगलं जातं.

योऊ


युलिंग
दुसरा महिना, तारीख पाच

दादा, दंडवत.

हे पत्र दूच्या खोगिरात शिवून पाठवतोय. वाचून लगेच जाळा.

दोन तारखेच्या पहाटे वेईनं मला घरी बोलावलं. "मियाओ, मोजून दिवस काढलेत रे मी. आज करतोस ना?" मी म्हटलं, "करतो की. राजधानीहून पत्रच आहे." त्याच्या मागच्या अंगणात बसवून मी त्याची अशी हजामत केली की वस्तादांनी पाठ थोपटली असती. वेणी तेवढी सोडून कपाळापासून मानेपर्यंत तळहातासारखं गुळगुळीत. तो सुखानं घोरायला लागला.

मग मी चौकात जाऊन भांडं टेकायची माझी तिकटी रोवली आणि शेगडी पेटवली. फंग गुरुजी देवळाच्या पायरीवरून धावत आले.

"अरे, काय चालवलंयस हे?"

"आज दोन तारीख ना, गुरुजी. शंभर भरले."

"राजधानीचे भरले! आपले फर्मान पोचलं त्या दिवसापासून मोजायचे. पंचवीस तारखेला भरतात. भिंतीवर लिहिलंय, आंधळ्या!"

मी म्हटलं, "गुरुजी, एक डोकं झालं."

"कुणाचं?"

मी सांगितलं. गुरुजी तिथेच शेगडीजवळ खाली बसले.

(हे खरं आहे. माझे पाय गेले. — फंग)

तोंडचं पाणी पळालेला मी परत वेईकडे. तो आरशासमोर बसून डोक्यावरून हात फिरवत होता. मी सांगितल्यावर त्याचा हात डोक्यावरच राहिला.

मी म्हटलं, "साहेब, जाहीरनामा तर तुम्हीच चिकटवलात."

"चिकटवला. वाचायला कुणी सांगितलं होतं? आणि तूच ना म्हणालास, राजधानीचं पत्र आहे म्हणून?"

मग त्यानं टोपी कानांपर्यंत ओढली आणि म्हणाला, "ऐक. पंचवीस तारखेला कचेरीसमोर शेवटचा शोक आहे. सगळ्यांनी टोप्या काढून जमिनीला डोकं लावायचं. तोवर माझे केस उगव."

"साहेब, मी न्हावी आहे, माळी नाही."

"मग तुझी मान आधी जाईल, माझी नंतर. तुला पकडायचा अधिकार माझा आहे."

आजारी पडा म्हटलं, तर म्हणतो, मामलेदारसाहेब स्वतः वैद्य घेऊन येतात आणि वैद्य पहिल्यांदा कपाळाला हात लावतो.

म्हणून आता रोज सकाळी कान साफ करायच्या निमित्तानं त्याच्याकडे जातो आणि बायकोच्या फणीतले केस बोट-बोटभर कापून भाताच्या खळीनं त्याच्या डोक्यावर चिकटवतो. दुपारपर्यंत त्याला घाम येतो, खळ पांढरी पडते आणि केस कानावर उतरतात. टोपी आहे म्हणून निभतंय. बायको दिवसभर फणी फिरवते आणि डोळे पुसते. ती मला काही बोलत नाही, हेच जास्त लागतं. दादा, मला फार भीती वाटते. रात्रंदिवस मानेवर गार काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं.

चूक सगळी माझीच. मोजताना माझी बोटं चुकली.

(बोटं चुकलेली नाहीत. खरं कारण हा मला लिहू देत नाही. — फंग)

काही उपाय ठाऊक असेल तर कळवा.

मियाओ


राजधानी
दुसरा महिना, तारीख चौदा

धाकट्या,

बोटं चुकली म्हणे! मोजायला तुला मी शिकवलं. वस्तादांच्या ओट्यावर बसून, वस्तऱ्याचे फेर मोजत. तुझी बोटं कधी चुकली नाहीत. तुझं पत्र वाचलं आणि मला माझी दोन्ही पत्रं आठवली, एकेक अक्षर. सिंहासनाची सावली काय, गल्लीतली कुत्री काय! माझी जीभ मलाच तोडून टाकावीशी वाटली. इथे हजामती जोरात चालू आहेत. दर डोक्याला मला तुझी मान दिसते.

आता रडणं पुरे, काम ऐक. मी चार वर्षं नाटकमंडळीत स्त्रीपार्ट करणाऱ्या नटांची डोकी बांधत होतो, ते आज कामाला येतंय.

खळ टाकून दे. सुताराकडे जा आणि वावळाच्या लाकडाचे छिलके आण, रंध्याखाली लांब गुंडाळ्या पडतात ते. ते रात्रभर गरम पाण्यात भिजव. पाणी शेंबडासारखं तार धरेल. ते घामानं सुटत नाही आणि वाळलं की दिसत नाही. केस थेट कातडीवर लावू नकोस. पातळ रेशमाच्या बोटभर पट्ट्या घे, केस त्यावर बसव, मग पट्टी डोक्यावर. सुरुवात मानेपासून, वर कपाळाकडे जात, घराची कौलं घालतात तशी, एकीवर एक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, केसाचं टोक कुठे वळतं ते बघ. माणसाच्या मानेवरचा केस खाली जातो. शिकाऊ लोक तिथेच चुकतात.

पंचवीसला एक दिवस उरला तरी एवढं जमेल. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, वस्ताद तुझ्या माघारी नेहमी म्हणायचे. मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी काही दिवस इथे नसेन. बाहेरगावी एक काम निघालंय. उत्तराची घाई करू नकोस.

योऊ


युलिंग
दुसरा महिना, तारीख सव्वीस

दादा, दादा, दंडवत!

मी जिवंत आहे. आधी हे वाचा, मग बाकीचं.

दू यावेळी एकाही मावशीकडे थांबला नाही, तुमचं पत्र तेवीसला मिळालं. चोवीसला छिलके भिजले, पंचवीसच्या पहाटे मी वेईचं डोकं केलं. बायकोनं पट्ट्या धरल्या, मी लावल्या. संपल्यावर ती लांब जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला ठाऊक नसतं तर मी याला नारळाएवढा केसाळ म्हटलं असतं." इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

तरी माझं धाबं दणाणलेलंच. टोपी काढून डोकं जमिनीला घासायचं, तेही तीन वेळा. एक पट्टी दगडाला चिकटून राहिली तर?

कचेरीसमोर सगळं गाव. पुढे एकटे मामलेदारसाहेब, त्यांच्यामागे वेई, मग फंग गुरुजींसारखे शिकलेले, मग दुकानदार, मग आम्ही. कारकून ओरडला, "टोप्या काढा!"

आणि साहेबांनी हात वर केला.

"थांबा. वारा बोचरा आहे आणि म्हातारी माणसं आलेली आहेत. टोप्या राहू द्या. सम्राटांना भाव पोचतो."

सगळे खाली वाकले. मी वाकलो, पण दादा, न्हाव्याची नजर कुठे जाते? मी मान किंचित वर करून बघितलं. वेईची मान, माझं काम, झकास. आणि त्याच्या पुढे साहेबांची मान. टोपीखाली बोटभर केस होते. पण ते वर चालले होते. मुळं खाली, टोकं वर! आणि उजवीकडची पट्टी कडेनं उचलली होती.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता. मी तो हुंदक्यासारखा वळवला, मग दुसरा आला, तिसरा आला. बायकोनं पाठीत गुद्दा घातला. बाजूचा तांदूळवाला म्हणाला, "रड बाबा रड, मोकळा हो." दादा, मी खरोखर मोकळा झालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीभर श्वास घेतला.

आज पहाटे साहेबांचं बोलावणं आलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी पाणी लावलं. केस निघाले तशी खालून वाळलेली खळ निघाली, आणि त्याखाली चोवीस दिवसांचे खुंट. साहेब डोळे मिटून म्हणाले, "मेहुण्याचं पत्र होतं. राजधानीत असतो. दोन तारीख लिहिली होती."

"हो साहेब."

"जाहीरनामा मीच लिहिला होता. पण सही करताना दिवस कोण मोजतो? पहाटे बाईसाहेबांनी घरीच वस्तरा चालवला. चहा येईपर्यंत मला आठवलं."

"हो साहेब."

"त्याच संध्याकाळी वेई कामाला आला आणि टोपी घट्ट धरून बसला. मी ओळखलं. तेव्हापासून तो मला घाबरतोय आणि मी त्याला." मग एक डोळा उघडून म्हणाले, "त्याचं डोकं तू केलंस?"

माझा वस्तरा थांबला. खोटं कसं बोलणार, काम माझ्या हातचं होतं. मी म्हटलं, "हो साहेब."

"कसली खळ?"

"वावळाच्या छिलक्यांचं पाणी, साहेब."

ते मोठा उसासा टाकून म्हणाले, "आमच्याकडे भाताची. चोवीस दिवस झोप नाही रे मला."

एवढंच. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोकं हलवलं. वेईला मी सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकून रडला, आणि यावेळी आवाज अजिबात नव्हता.

(मला दोघांच्याही माना दिसल्या होत्या. मला वाटलं माझे डोळे म्हातारे झाले. — फंग)

दादा, तुम्ही ओळखलंत, तर आता लपवत नाही. तारीख तुमच्या पत्रातली होती. पण वस्तरा माझ्या हातात होता आणि भिंत माझ्या समोर. ते मनातून काढून टाका. आणि मान वाचली ती तुमच्याच पत्रानं. हे पत्र दू आजच घेऊन निघतोय. तुमचं बाहेरगावचं काम आटोपलं की उत्तर द्या.

तुमचा, मियाओ


तीन झरे गाव, रस्त्यावरच्या खाणावळीतून
दुसरा महिना, तारीख तीस

धाकट्या,

बाहेरगावचं काम म्हणजे तूच होतास.

तुला पत्र धाडून दोन दिवसांनी मी दाराला कुलूप घातलं आणि पायी निघालो. बरोबर एक कागद लिहून घेतला होता. तारीख मी दिली, दोनदा दिली, मियाओनं थोरल्याचं ऐकलं एवढाच त्याचा गुन्हा. पंचवीसपर्यंत पोचणार नाही हे ठाऊक होतं. पण म्हटलं, पकडलं तरी चौकशीला दिवस लागतात. एकाच्या जागी दोघे उभे राहिले तर शिक्षा कदाचित अर्धी अर्धी वाटतील. तुला आधी सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस.

चौदा दिवस चाललो. वाटेत कुणाशी बोललो नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. प्रत्येक वेशीवर मला तुझं डोकं टांगलेलं दिसेल असं वाटायचं. खोटं कशाला सांगू, दोनदा परत फिरावंसं वाटलं, कळलंच नाही तर बरं म्हणून.

आज दुपारी इथे शेवया खात बसलो होतो. समोरून खेचरं आली आणि दू ओरडला, "अहो योऊदादा, तुम्ही इकडे कुठे? मी तुमच्याकडेच चाललोय!" त्यानं खोगीर उसवून तुझं पत्र काढलं. पहिली ओळ वाचली आणि पुढची अक्षरं दिसेनात. दूकडून वाचून घेतलं असतं तर त्यालाही वाचता येत नाही. मग वाटीत तोंड खुपसून मी जो रडलो, तो तुमच्या कोतवालापेक्षा मोठ्यानं. तुझ्या साहेबांची उलटी मान वाचली तेव्हा हसू आलं, आणि दोन्ही एकदम यायला लागलं. माझ्या कबुलीचा तो कागद खाणावळवाल्याच्या चुलीत घातला.

दूला वाटलं आता मी त्याच्याबरोबर परत फिरेन. इतकं चालून तुला बघितल्याशिवाय मी परत जाणार नाही. हे पत्र मिठाच्या गाडीवाल्याबरोबर पुढे पाठवतोय. तीन दिवसांत मी पोचतो. तुझं डोकं मी करणार, आणि माझं तू. पाय सुजलेत, पाणी गरम ठेव.

माझं रडणं ऐकून खाणावळवाला कढई तशीच सोडून धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बिचाऱ्यानं डोक्यावर दोन्ही हात धरले आणि विचारलं, "पुन्हा कुणी गेलं का हो? परत शंभर दिवस?"

मी म्हटलं, "नाही हो. कुणी गेलं नाही."

योऊ